आत्याची वही

"पाळी कधीपासून बंद आहे?" डॉक्टरांनी विचारलं. लेक बाहेर बाकावर बसली होती, मे महिन्यात स्वेटर घालून.

मला सांगता येईना. सतरा वर्षांच्या मुलीची पाळी बंद आहे आणि आईला महिना आठवत नाही, याची लाज काही वेगळीच असते. पॅडचं पाकीट संपत नव्हतं म्हणून मी नवीन आणणं सोडलं होतं, एवढं खरं. का संपत नाही, हे स्वतःला विचारलं नव्हतं. डॉक्टर उत्तराची वाट बघत होत्या आणि मला त्या खुर्चीत, काही संबंध नसताना, माझी आत्या आठवली.

आत्याला कधी अडचण नसायची.

कुरुंदवाडला आमच्या घरी गौरी-गणपती जवळ आले की आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली यायचं. घरात चार सुना. कुणाला कधी कावळा शिवणार याची बेरीज-वजाबाकी आजी श्रावणातच करून ठेवायची. कुणी गोळ्या घेऊन तारीख पुढे ढकलायची, कुणी ऐन गौरीजेवणाच्या दिवशी माडीवर जाऊन बसायची. पण सोवळ्यातला स्वयंपाक आत्याकडे, हे ठरलेलं. तिचं ते विशीतच थांबलं होतं. का थांबलं हे कुणी डॉक्टरला विचारलं नाही, कारण थांबणं घराच्या सोयीचं होतं. "देवालाच ती बारा महिने सोवळ्यात हवी होती," असं आजी म्हणायची. तिचं लग्न जमलं नाही, त्यालाही याच वाक्याचा टेकू होता.

आमच्याकडचे उपवास म्हणजे एकादशी दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, दुपारी रताळ्याच्या चकत्या. आत्या मात्र तसली नव्हती. सोमवार, गुरुवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या, प्रदोष. चातुर्मासात धारणं-पारणं, म्हणजे एक दिवस उपास, एक दिवस जेवण. पारण्याच्या दिवशीही ती पानावर बसायची सगळ्यांत शेवटी, आणि तिचं पान कधी भरलेलं दिसलं नाही. आग्रह केला की म्हणायची, "पोट जड वाटतंय गं, तुम्ही जेवा." पहाटे उठून ती चालत नरसोबाच्या वाडीला जायची आणि प्रदक्षिणा घालायची. किती, हे मोजायला ती तांदळाचे दाणे न्यायची. आजारी असली तरी खंड नाही. तिला बसलेलं पाहिल्याचं मला आठवतच नाही. निवडणं-टिपणंसुद्धा ती उभ्याने करायची.

आणि ती सुंदर स्वयंपाक करायची. पुरणपोळी, सांदण, घारगे, सात प्रकारची लोणची. शेजारपाजारच्या बायका तिला विचारायला येत. तिने एका लाल पुठ्ठ्याच्या वहीत बारीक अक्षरात दोनशेच्या वर पदार्थ लिहून ठेवले होते. ती गेल्यावर वही माझ्याकडे आली. हृदय थांबून गेली, झोपेत, पन्नाशीही गाठली नाही. "पुण्यवान, कुणाकडून काही करून घेतलं नाही," असं तेराव्याला आलेले सगळे म्हणाले. त्या वहीतला पदार्थ कधीच बिघडत नाही, हे मी माझ्या सगळ्या मैत्रिणींना सांगत आले आहे.

लेकीचं सुरू झालं डेंग्यूपासून. अकरावीत होती. आठवडाभर ताप, मग महिनाभर तोंडाला चव नाही. वजन उतरलं. कॉलेजात गेली तर सगळ्या म्हणाल्या, किती छान दिसतेयस. माझ्या नणंदेने तर "डेंग्यूने फिगर करून दिली" असा विनोदही केला आणि आम्ही हसलो. त्यानंतर तिची भूक आलीच नाही, असं मी बरेच दिवस लोकांना सांगत होते. ते खोटं होतं. भूक येत होती, ती तिला परतवून लावत होती.

वजनाचे आकडे मी इथे लिहिणार नाही. हा त्रास असलेल्या मुली आकडा लक्षात ठेवतात आणि त्याच्याशी शर्यत लावतात, हे मी जवळून पाहिलं आहे.

आकड्यांशिवाय जे दिसलं ते सांगते. आधी पोळीवरचं तूप गेलं, मग पोळी गेली. दंडांवर बारीक लव आली. तिच्या डब्यातला उपमा आमच्या कामाच्या मावशींच्या मुलाला जात होता, हे मावशींनी मला चार महिन्यांनी सांगितलं, तेही रडत. अभ्यास ती उभी राहून करायची, पुस्तक फ्रिजवर ठेवून. रात्री बारा वाजता तिच्या खोलीतून फोडणीचा आवाज यायचा. मोबाइलवर ती रेसिपी बघत बसलेली असायची, एकापाठोपाठ एक. रविवारी केक करायची, आम्हा सगळ्यांना वाढायची, प्रत्येकाने संपवला की नाही ते बघायची. स्वतः चमचाही चाटायची नाही. मी एकदा चिडून विचारलं, नाही खायचं तर करतेस कशाला? ती म्हणाली, "पोट रिकामं असलं की डोकं शांत होतं, आई. तुला नाही कळायचं."

मला नाही कळलं. आम्हाला कुणालाच भुकेने शांत व्हायला होत नाही. जेवायला अर्धा तास उशीर झाला तर माझा नवरा कपाटाची दारं आपटतो.

पहिल्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या आणि भूक लागायचं टॉनिक दिलं, आणि निघताना मला म्हणाले, "आईने जरा लक्ष घालायला हवं." सासूबाईंचं म्हणणं, एकुलती एक, लाडावून ठेवलीत. माझ्या आईचं म्हणणं, नोकरी सोड. सोसायटीतल्या एकीने मोबाइलवर खापर फोडलं, दुसरीने मी स्वतः डाएट करते त्यावर. तिचं मला जास्त लागलं, कारण मी खरंच दोन वर्षांपूर्वी ते करून सोडलं होतं. रात्री पडल्या पडल्या मी माझ्या सतरा वर्षांच्या आईपणाची झडती घ्यायचे. नववीत तिला नाचाच्या क्लासाचा घागरा घट्ट झाला तेव्हा मी काय बोलले होते? एक वाक्य सापडलं. मग तेच वाक्य रोज रात्री.

हे आईच्या माथी मारणं फार जुनं आहे, हे मला नंतर वाचून कळलं. लंडनचे सर विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग या दोघांनी 1873 च्या सुमारास या आजाराचं वर्णन केलं. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव गल यांचं, आणि नावच चुकलेलं आहे. त्याचा शब्दार्थ भूक नसणं. गल यांनी उपायही सांगितला: ठरल्या वेळी खाऊ घाला, आणि खाऊ घालणारी माणसं धाक असलेली हवीत; नातेवाईक आणि मित्र हे सर्वांत वाईट शुश्रूषा करणारे. पॅरिसमध्ये शार्को यांनी तर मुलीला आईवडिलांपासून तोडणं हाच उपचार मानला. पुढे शंभर वर्षांनी, 1970 च्या दशकात, फिलाडेल्फियाच्या साल्वादोर मिनुचिन यांनी अशा मुलींच्या कुटुंबांचा साचाच सांगितला: एकमेकांत गुंतलेली, अतिकाळजी करणारी, भांडण टाळणारी. माझ्या ओळखीतलं एकही मराठी कुटुंब या साच्यातून सुटत नाही. मग घरोघरी हा आजार का नाही?

हा प्रश्न मी दुसऱ्या डॉक्टरांना, म्हणजे पाळीचं विचारणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांना, विचारला. त्यांनी उत्तराऐवजी प्रश्न केला. "तुमच्याकडे किंवा यांच्याकडे कुणी असं होतं का?"

नवऱ्याने लगेच मान हलवली, नाही. मीही हलवली. घरी आल्यावर स्वयंपाकघरात लाल वही समोर होती.

मग मी वाचायला बसले. बँकेतली नोकरी आहे माझी, शास्त्राशी संबंध बारावीत संपला. पण आकड्यांची भीती नाही, आणि झोप तशीही येत नव्हती.

सुरुवात जुळ्यांपासून होते. एकसारख्या जुळ्यांची जनुकं सारखी. वेगळ्या जुळ्यांची, इतर भावंडांसारखीच, सरासरी निम्मी सारखी. घर, आई, स्वयंपाकघर दोन्हींना एकच. लंडनमध्ये 1984 साली 30 जोड्या जुळ्या बहिणींचा अभ्यास झाला, प्रत्येक जोडीत निदान एकीला हा आजार. 16 जोड्या एकसारख्या होत्या, त्यांतल्या 9 जोड्यांत दोघींनाही आजार निघाला. वेगळ्या जुळ्यांच्या 14 जोड्यांत असं एकाच जोडीत झालं. एकाच आईच्या हातचं जेवलेल्या मुली. मी हा आकडा वाचला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते, आणि मी नवऱ्याला हलवून उठवून दाखवला. तो "बरं" म्हणून झोपला.

जोड्या थोड्या होत्या, हे मला बँकेतल्या बाईलाही कळत होतं. पुढे 2006 साली स्वीडनच्या जुळ्यांच्या नोंदवहीतल्या 31,406 जणांवरून हिशेब झाला, आणि आनुवंशिकता 56 टक्के निघाली. या टक्क्याने माझी बरीच दिशाभूल केली. लेकीच्या आजारातला 56 टक्के भाग कुरुंदवाडचा आणि उरलेला 44 पुण्याचा, असा मी त्याचा अर्थ लावला. तसं नसतं. जीवशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीने समजावलं: तो आकडा एका माणसाचा नाही, सगळ्या समूहाचा आहे. माणसामाणसांत या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला किती फरक जनुकांतल्या फरकामुळे आहे, एवढंच तो सांगतो. तुझी लेक अशी का झाली, हे त्यातून काढता येत नाही. "तू व्याजाचा सरासरी दर घेऊन एका खात्याची शिल्लक काढतेयस," असं ती म्हणाली, आणि मला पटकन कळलं.

अमुक एक जनुक, असं काही नाही. मी ते शोधत होते. दोषी एकच असला की बरं असतं. 2019 च्या जुलैत या आजारावरचा तोवरचा सर्वांत मोठा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या आणि स्वीडनच्याही विद्यापीठात काम करणाऱ्या सिंथिया ब्युलिक त्यामागच्या प्रमुखांपैकी. आजार असलेले 16,992 जण आणि नसलेले 55,525. त्यांचा डीएनए टोकापासून टोकापर्यंत पडताळून पाहिला आणि आजाराशी ठामपणे जोडलेल्या 8 जागा सापडल्या. त्या आठांतली प्रत्येकीची मात्रा चिमूटभर. खाली न दिसणाऱ्या अशा शेकडो-हजारो चिमटी असणार, असं ते शास्त्रज्ञ मानतात. आत्याच्या वहीत गोड्या मसाल्याला एकवीस जिन्नस आहेत. दगडफूल काढलं म्हणून मसाला मसाल्यातून उठत नाही, आणि नुसतं दगडफूल खाऊन कुणाला आमटीची आठवण येत नाही. तसंच काहीसं.

पण मला खिळवलं ते पुढच्या भागाने. या आजाराची जनुकं कुणाकुणाच्या जनुकांना लगटून आहेत, हे त्यांनी तपासलं. मंत्रचळ (ओसीडी), चिंता, नैराश्य यांना, हे अपेक्षितच. शिवाय शरीराच्या हालचालीला: जास्त चालत-फिरत राहण्याच्या प्रवृत्तीला. आणि शरीर साखर नि चरबी कशी हाताळतं, त्या सगळ्या कारभाराला. टाइप 2 मधुमेहाच्या जनुकांशी तर संबंध उलटा. तेव्हा हा नुसता मनाचा आजार म्हणायचा की चयापचयाचाही, असा प्रश्न त्या शास्त्रज्ञांनी उघड विचारला. मला एकदम आमच्या लग्नकार्यातल्या गप्पा आठवल्या. "आमच्या घराण्यात शुगर आहे," हे लोक जिलबी घेता घेता, जवळजवळ अभिमानाने सांगतात. आमच्या घराण्यात न जेवणं आहे, असं कुणाला म्हणताना ऐकलंय?

हालचालीचं वाचताना मी उठून पाणी प्यायले. वाडीच्या प्रदक्षिणा. फ्रिजवरचं पुस्तक.

उंदरांवरचा एक प्रयोग आहे, 1960 च्या दशकापासून पुन्हा पुन्हा केलेला. उंदराला दिवसातून तासभरच खायला द्यायचं. तेवढ्यावर तो जगतो, हळूहळू जुळवून घेतो. पण पिंजऱ्यात पळायचं चाक ठेवलं, तर तो पळायला लागतो. दिवसेंदिवस जास्त पळतो, आणि समोर ठेवलेलं अन्नही कमी खातो. बाहेर काढला नाही तर पळून पळून मरतो. चाकाला ना आरसा असतो ना इन्स्टाग्राम.

याच्या शेजारी ठेवायला दुसरा प्रयोग, माणसांवरचा. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, युरोपात उपाशी माणसांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. म्हणून नोव्हेंबर 1944 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांवर प्रयोग सुरू केला, आणि पुढे त्यांना त्यांच्या स्वखुशीने 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. हातात बंदूक न घेण्याच्या तत्त्वापायी त्या तरुणांनी लढाईऐवजी ही सेवा पत्करली होती. काही आठवड्यांत ते तरुण पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, पदार्थ उतरवून घेऊ लागले. जेवण तासभर पुरवून खायचे, ताट चाटायचे, सदा थंडीने कुडकुडायचे. अन्नाशिवाय दुसरा विषय उरला नाही. म्हणजे आत्याची वही आणि लेकीच्या रात्रीच्या रेसिप्या यांत आनुवंशिक काही नाही. उपाशी मेंदू कुणाचाही असो, तो तेच करतो. पण ते तरुण चिडचिडे झाले, खचले, जिना चढताना थकले, आणि सतत जेवणाची वाट बघत राहिले. उपाशीपणी त्यांची डोकी शांत झाली नाहीत. तिथे माझी लेक वेगळी पडते. उपास घडला की बहुतेकांचं शरीर आरडाओरडा करतं. काही थोड्यांचं मात्र गप्प होतं, हलकं होतं, पळायला लागतं. हे गप्प होणं रक्तातून येत असावं, असं मला वाटतं. ते कळायला मात्र आधी उपास घडावा लागतो, मग तो व्रताचा असो, डाएटचा असो की डेंग्यूचा.

इथपर्यंत आले आणि मला फार हलकं वाटलं. दोन दिवस. माझं ते नाचाच्या घागऱ्याचं वाक्य सुटलं. सासूबाईंना तोंडावर सांगावं असं वाटलं की बघा, लाडाचा संबंध नाही, जनुकांचा आहे. तिसऱ्या दिवशी भांडी लावताना लक्षात आलं की ही जनुकं आली कुठून. आत्या माझ्या बाबांची बहीण. आत्याची नि माझ्या लेकीची जनुकं सरासरी साडेबारा टक्के सारखी, आणि ती सारी माझ्यातून गेलेली. मला न शिवता गेली, एवढंच. मी आयुष्यात एक एकादशी धड केलेली नाही. संगोपनाचा दोष उतरला आणि रक्ताचा चढला, वजन तेवढंच.

हे मी डॉक्टरांना बोलून दाखवलं. त्या जरा वैतागल्याच. म्हणाल्या, "तुम्ही नाकही दिलंय तिला, त्याबद्दल माफी मागितलीत?" मग सौम्य होऊन म्हणाल्या की फोटोवरून आणि आठवणींवरून त्या मेलेल्या बाईचं निदान करणार नाहीत. इतिहासात ही चूक झालेली आहे. चौदाव्या शतकात इटलीत सिएनाची कॅथरीन उपास करता करता तेहतिसाव्या वर्षी गेली. तिला आजाराचं लेबल लावावं की नाही यावर जाणकारांत अजून वाद आहे. आत्याची श्रद्धा खरी होती, याबद्दल मला शंका नाही. तिला वाडीच्या पायऱ्यांवर डोळे मिटून उभी असलेली मी पाहिली आहे. पण आत्याने बारीक व्हायचं आहे असं आयुष्यात कधी म्हटलं नाही, म्हणून तो आजार नव्हे, हा युक्तिवाद मात्र आता मला पुरत नाही. हाँगकाँगचे सिंग ली यांनी 1993 मध्ये आपल्या 70 चिनी रुग्णांचा अभ्यास मांडला. निम्म्याहून जास्त जणांना लठ्ठपणाची भीती नव्हतीच. ते म्हणायचे, पोट फुगतं, भूक नाही, जेवण जात नाही. "पोट जड वाटतंय गं." आजाराला कारण सांगावं लागतं, आणि कारण तो आसपासचं उचलतो. कुरुंदवाडात त्याला चातुर्मास मिळाला. माझ्या लेकीला कॅलरी मोजणारं अ‍ॅप.

तेव्हा आसपासच्या जगाला मी सोडणार नाही. फिजीचं उदाहरण प्रसिद्ध आहे: तिथल्या नाड्रोगा भागात 1995 मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर यांनी शाळकरी मुलींना तेव्हा आणि परत 1998 मध्ये त्याच प्रश्नावलीने तपासलं. खाण्याशी बिनसलेल्या मुली 12.7 टक्क्यांवरून 29.2 टक्क्यांवर गेल्या. तीन वर्षांत जनुकं बदलत नाहीत.

आणखी एक गोष्ट मला खटकते. त्या 2019 च्या अभ्यासातली सगळी माणसं युरोपीय वंशाची. रक्ताच्या त्या हजारो नळ्यांत आमच्यासारख्यांचं रक्त नाही. आणि साखर-चरबीचा कारभार आपल्याकडे वेगळा असतो, हे दाखवलं आमच्याच पुण्याने. इथल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि बाळं यांचा अभ्यास केला. इथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची 3.5 किलोची, पण इथल्या हाडकुळ्या बाळांत चरबी मात्र त्या मानाने टिकून. बारीक दिसणं आणि बारीक असणं यांत आपल्याकडे जन्मापासूनच अंतर. मग चयापचयाशी जोडलेला हा आजार आपल्या मुलींच्या बाबतीत युरोपातल्या नकाशावर वाचायचा कसा? कुणी उद्या मला लेकीचा डीएनए बघून धोक्याचा आकडा काढून देतो म्हणाला, तर मी पैसे देणार नाही.

जनुकांचं कळून रोजच्या जेवणात काय फरक पडला, असं नवरा विचारतो. पडला. अन्न हेच औषध, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात 1980 च्या दशकात आकाराला आलेली ही पद्धत: गल यांनी ज्यांना सर्वांत वाईट शुश्रूषा करणारे म्हटलं, त्याच आईवडिलांच्या हाती मुलीचं ताट द्यायचं. आधी बारा दिवस तिला दवाखान्यात ठेवली होती. फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम जेवू घातलं तर रक्तातलं फॉस्फरस कोसळून जिवावर बेततं, म्हणून तिथे चमच्याचमच्याने वाढवत नेलं. मग घरी. तीन जेवणं, तीन खाणी. मी वाढायचं, तिने विचारायचं नाही, मी समजावायचं नाही. वरणभातावर तूप घालताना ती माझ्याकडे अशी बघायची की मी विष कालवतेय. पहिला एक भात संपायला सव्वा तास लागला. तिने ताट भिंतीवर फेकलं. मी दुसरं वाढलं. तिने मला जे शब्द वापरले ते मी विसरले आहे असं तिला सांगितलंय.

त्या दिवसांत मला एकच गोष्ट उपयोगी पडली: हे बोलणारी ती नाही, आणि हे घडवणारी मी नाही. जनुकांच्या वाचनातून माझ्या हाती एवढंच आलं. मी ऑफिसातून दहा महिने रजा घेतली; बिनपगारी. सासूबाईंना बसवून आत्याची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या थोरल्या जाऊबाईंची एक होती, तिलाही म्हणायचे अंगात वारं आहे. नुसती चालायची." दुसऱ्या दिवसापासून लेकीच्या संध्याकाळच्या खाण्याला त्या समोर बसायला लागल्या, टीव्हीवरची मालिका बंद करून. आमच्याकडे याहून मोठा त्याग नाही.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. पाळी दीड वर्षाने परत आली. मी पेढे आणले आणि कारण कुणाला सांगितलं नाही. अजून परीक्षा आली की तिचं ताट लहान होतं, आणि मी पोळी न बोलता वाढते. ताप आला की आम्ही घाबरतो. एकदा तिने विचारलं, मला मुलगी झाली तर? मी म्हटलं, तिच्या पहिल्या तापानंतर वजन बघ, आणि तिला संकष्टी करू देऊ नकोस. ती हसली, पण मी विनोद केला नव्हता.

मागच्या दिवाळीत तिने आपणहून लाल वही मागितली. अनारसे करायचे होते. मी जरा बिचकले; वह्या नि रेसिप्या यांच्याशी आमचं वैर आहे. पण दिली. पीठ भिजवलं, तळले, जाळी सुंदर पडली, दोन तिने खाल्ले, मी पाहिलं नाही असं दाखवून पाहिलं. मग ती ओट्याला टेकून वही चाळत बसली. बसली, हो, स्टुलावर.

"आई, ही किती काटेकोर लिहायची गं. मीठ सव्वा चमचा सपाट. गूळ नऊ तोळे. तिखट पाऊण चमचा."

"म्हणून तर तिचं बिघडत नाही कधी."

तिने आणखी काही पानं उलटली. आमट्या, भाज्या, कोशिंबिरी.

"अख्ख्या वहीत कुठेच 'चवीनुसार' नाहीये."

मी म्हटलं, सोवळ्यातला स्वयंपाक करायची ती, नैवेद्याचं आधी चाखत नाहीत.

"वांग्याच्या भाजीचा चातुर्मासात कोण नैवेद्य दाखवतं?" ती म्हणाली, आणि वही उलटी ठेवून तिने तिसरा अनारसा उचलला.